संगणकातील गाणी घरच्या सीडी प्लेअरवर

आपल्या अनेक घरांच्या दिवाणखान्यात सीडी प्लेअर आजही आपले स्थान टिकवून आहे. कोणी तो आखातातील नोकरीवरून परतताना आणलेला असतो, कोणाला तो मुलाच्या पहिल्या पगारातून लाभलेला असतो. तरुण पिढीने गाणी ऐकण्यासाठी फोनचा आश्रय घेतला त्याला आता बरीच वर्षे लोटली. परंतु ज्येष्ठांपैकी पुष्कळांना त्या चकचकीत पडद्यावर बोट फिरवीत गाणे शोधणे जमत नाही, आणि खरे सांगायचे तर रुचतही नाही. तबकडी ठेवावी आणि एक बटण दाबावे, एवढेच त्यांना हवे असते. म्हणून मुले-नातवंडे संगणकातील गाणी कोऱ्या सीडीवर उतरवून देतात. ती सीडी संगणकावर उत्तम वाजते. घरच्या प्लेअरमध्ये घातली की मात्र तबकडी थोडा वेळ फिरते, थांबते आणि ‘नो डिस्क’ अशी अक्षरे उमटतात.

असे का व्हावे, हा प्रश्न आम्हांला अनेकांनी विचारला आहे. प्लेअर बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेणारी मंडळीही आहेत. बहुतेक वेळा प्लेअर बिघडलेला नसतो आणि सीडीही सदोष नसते. संगणकाने जे लिहिले ते त्या प्लेअरला वाचता येत नाही, इतकेच. यामागचे कारण एकदा नीट समजले की घरच्या घरी उत्तम सीडी तयार करणे मुळीच अवघड नाही. शिवाय अशा घरगुती सीडी किती काळ टिकतात, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याकडे आपल्यापैकी फारच थोड्यांचे लक्ष गेले आहे, म्हणून त्याविषयीही येथे लिहीत आहोत.

प्लेअरला काय समजते?

सीडी ही हॉलंडची फिलिप्स आणि जपानची सोनी या दोन कंपन्यांची संयुक्त निर्मिती. तिचे नियम १९८० साली ठरले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला प्लेअर विक्रीस आला. त्या काळी सीडी ही केवळ संगीतासाठी होती. संगणकाच्या फाईली तिच्यावर ठेवाव्यात, हा विचार मूळ योजनेत नव्हता. प्लेअरला एकच गोष्ट शिकवलेली होती. ध्वनीची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली असेल, डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंची मापे स्वतंत्र असतील आणि प्रत्येक माप १६ बिटांचे असेल. ती मापे क्रमाने वाचायची आणि त्यांतून पुन्हा ध्वनी निर्माण करायचा. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. म्हणजे एका मिनिटाच्या संगीताला सुमारे १० मेगाबाईट आणि पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५० मेगाबाईट जागा लागते.

एमपी थ्री ही पद्धत त्यानंतर ११ वर्षांनी, १९९३ साली जागतिक प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. जर्मनीतील एरलांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेचा तिच्या जडणघडणीत मोठा वाटा होता. मानवी कान सगळे ध्वनी सारख्याच स्पष्टतेने ऐकत नाही, या अनुभवावर ती आधारलेली आहे. लग्नाच्या वरातीत ब्रास बँड वाजत असताना मोठ्या ढोलावर थाप पडली की त्या क्षणी क्लॅरिनेटचा नाजूक सूर आपल्याला ऐकू येत नाही. तो वाजत असतो, पण ढोलाखाली झाकला जातो. एमपी थ्री असे झाकले जाणारे अंश हेरते आणि ते टाकून देते किंवा अगदी ढोबळपणे नोंदवते. त्यामुळे नेहमीच्या १२८ किलोबिट दर्जाच्या फाईलीत तेच पाच मिनिटांचे गाणे ५० ऐवजी सुमारे ५ मेगाबाईटमध्ये मावते.

आता घोटाळा कोठे होतो ते ध्यानी येईल. गाण्यांच्या फाईली जशाच्या तशा सीडीवर उतरवल्या तर ती ‘डेटा सीडी’ होते. संगणकाच्या दृष्टीने ते एक कपाट असते आणि त्यात फाईली रचून ठेवलेल्या असतात. जुना प्लेअर मात्र कपाट उघडायला शिकलेलाच नाही. त्याला मापांची अखंड रांग हवी असते. ती रांग ज्या सीडीवर असते तिला ‘ऑडिओ सीडी’ म्हणतात. कोरी सीडी दोन्हींसाठी एकच. लिहिण्याच्या वेळी आपण कोणता पर्याय निवडतो यावर सर्व काही अवलंबून असते.

विंडोज मीडिया प्लेअर, ॲपलचा आयट्यून्स किंवा त्याच्या जागी आलेला म्युझिक हा प्रोग्राम, अथवा लिनक्सवरील के थ्री बी, यांपैकी कोणताही घेतला तरी ‘ऑडिओ सीडी’ हा पर्याय त्यात असतो. तो निवडला की प्रोग्राम प्रत्येक एमपी थ्री आधी उलगडतो, तिची मूळ पद्धतीची मापे करतो आणि मगच ती तबकडीवर लिहितो. विंडोजमध्ये कोरी सीडी घातल्याबरोबर एक प्रश्न विचारला जातो: ही तबकडी युएसबी पेन ड्राईव्हसारखी वापरायची, की सीडी प्लेअरसाठी? हा प्रश्न फाईली उतरवण्याच्या संदर्भातला आहे. येथे दुसरे उत्तर निवडले, तरीही ती फाईलींचीच सीडी होते. ऑडिओ सीडी हवी असेल तर ती खिडकी बंद करून मीडिया प्लेअरमधील ‘बर्न’ विभागात जावे आणि तेथे ऑडिओ सीडीवर खूण करावी.

ऑडिओ सीडीत गाण्यांचे एकूण मिनिट मोजावयाचे असतात, मेगाबाईट नव्हे. बाजारात मिळणाऱ्या कोऱ्या सीडीवर ‘७०० एमबी’ आणि ‘८० मिनिटे’ असे दोन्ही आकडे असतात. संगीतासाठी त्यांतील दुसराच खरा. पाच-पाच मिनिटांची सोळा गाणी झाली की तबकडी भरली. ‘माझ्याकडची सगळी गाणी मिळून फक्त ९० एमबी आहेत, तरी जागा नाही असे संगणक का म्हणतो?’ या तक्रारीचे उत्तर यातच आहे.

याउलट प्लेअरच्या दर्शनी भागावर ‘एमपी थ्री’ अशी खूण असेल, तर त्याला फाईलींची सीडीही वाचता येते. साधारणतः २००० सालानंतर आलेल्या अनेक प्लेअरवर आणि जवळजवळ सर्व घरगुती डीव्हीडी प्लेअरवर ती खूण दिसते. अशा वेळी एका तबकडीवर बारा तासांहून अधिक संगीत मावते. सोय मोठी आहे, पण दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, फाईलींची नावे इंग्रजी अक्षरांत आणि आरंभी ०१, ०२, ०३ असे दोन अंकी क्रमांक इंग्रजी आकड्यांत घालून द्यावीत. बहुतेक जुन्या प्लेअरना देवनागरी अक्षरे दाखवता येत नाहीत आणि गाण्यांचा क्रमही ते नावावरून ठरवतात. दुसरी गोष्ट ज्येष्ठांच्या सोयीची. दीडशे गाण्यांच्या तबकडीतून हवे ते गाणे शोधण्यासाठी बटण किती वेळा दाबावे लागेल याचा विचार करावा. आमच्या मते आजी-आजोबांसाठी बारा-पंधरा निवडक गाण्यांची ऑडिओ सीडीच उत्तम.

लिहिताना घ्यावयाची काळजी

बाजारातून विकत आणलेल्या गाण्यांच्या सीडीवर सूक्ष्म खळगे साच्याने उमटवलेले असतात. घरी लिहावयाच्या सीडी-आरमध्ये असे खळगे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा एक अत्यंत पातळ थर असतो. लेसरच्या उष्णतेने त्यावर डाग पाडले जातात आणि प्लेअरला ते डाग खळग्यांसारखे भासतात. या कामाला ‘बर्न करणे’ म्हणजे जाळणे हे नाव पडले ते यामुळेच. एकदा पडलेला डाग पुसता येत नाही.

पुनःपुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू ही वेगळी जात आहे. ती महाग असल्यामुळे चांगली असेल असे समजून काही जण घरच्या प्लेअरसाठी तीच आणतात. परंतु छापील सीडीने लेसरचा किमान ७० टक्के प्रकाश परत पाठवावा असा नियम असताना सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के प्रकाश परत पाठवते. जुन्या प्लेअरच्या डोळ्याला एवढा मंद उजेड पुरत नाही. म्हणून घरच्या प्लेअरसाठी साधी सीडी-आर घ्यावी. कोऱ्या डीव्हीडीवर गाणी लिहून ती सीडी प्लेअरमध्ये घालण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी डीव्हीडीसाठी निराळा लेसर लागतो.

लिहिणे संपल्यावर तबकडी ‘फायनलाईज’ म्हणजे बंद करावी लागते. कोणते गाणे कोठे सुरू होते याची अनुक्रमणिका तबकडीच्या अगदी आतल्या कडेला असते आणि प्लेअर प्रथम तीच वाचतो. तबकडी बंद केली नाही तर ही अनुक्रमणिका लिहिलीच जात नाही. संगणकाचा लेखक-ड्राईव्ह आपली तात्पुरती नोंद वाचून काम चालवतो, पण घरच्या प्लेअरला ती नोंद दिसत नाही. ‘नो डिस्क’ येण्याचे हे दुसरे मोठे कारण होय. पुढे आणखी गाणी घालता यावीत म्हणून सीडी उघडी ठेवण्याचा मोह येथे टाळलेला बरा.

वेगाविषयी पुष्कळ मतमतांतरे आहेत. सर्वांत कमी वेग म्हणजे सर्वांत चांगली सीडी, असे अनेकांना वाटते. ते पूर्णांशाने खरे नाही, कारण अलीकडच्या तबकड्यांचे रंगद्रव्य मुळातच जलद लिहिण्यासाठी तयार केलेले असते. ५२ पट वेगाची घाईही नको आणि एकपटीचा हट्टही नको. १६ किंवा २४ पट वेग सहसा योग्य ठरतो. लिहीत असताना त्याच संगणकावर इतर जड कामे काढू नयेत.

दोन गाण्यांच्या मध्ये प्रोग्राम सामान्यतः दोन सेकंदांचा विराम घालतो. सुट्या गाण्यांसाठी तो योग्यच. परंतु एखाद्या कार्यक्रमाचे अखंड ध्वनिमुद्रण भाग पाडून लिहावयाचे असेल, तर टाळ्यांच्या किंवा गाण्याच्या मधोमध अशी शांतता पडणे कानाला खटकते. त्या वेळी विराम न ठेवण्याचा पर्याय निवडावा.

निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेली गाणी एकत्र केली की एक फार हळू आणि दुसरे कर्कश, असे होते. ‘नॉर्मलाईज’ किंवा आवाज समान करण्याचा पर्याय बहुतेक प्रोग्राममध्ये असतो. तो अवश्य वापरावा. गाण्याच्या मूळ दर्जाचे मात्र तसे नाही. एमपी थ्रीतून जे अंश एकदा गेले ते ऑडिओ सीडी केल्याने परत येत नाहीत. फाईल ५ मेगाबाईटची ५० झाली तरी ती भर केवळ जागेची असते. सुके बोंबील पाण्यात भिजवले म्हणून ओले होत नाहीत, तसेच हे. म्हणून निवड करावयाची झाली तर २५६ किंवा ३२० किलोबिटची फाईल घ्यावी, आणि मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह किंवा फ्लॅक या अखंड स्वरूपात उपलब्ध असेल तर तेच घ्यावे. नातेवाइकांनी परदेशातून ध्वनिमुद्रण पाठवावयाचे असेल तर त्यांनी ते व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फोन स्पीकरजवळ धरून व्हॉईस मेसेज म्हणून पाठवलेले गाणे फार दाबले जाते आणि त्याची फाईलही अशा प्रकारची असते की सीडी लिहिणारे काही प्रोग्राम ती स्वीकारतच नाहीत.

वर्गणी भरून ऐकावयाच्या ॲपमधील गाण्यांबद्दलही विचारणा होते. तेथे ‘डाऊनलोड’ केलेले गाणे कुलूपबंद असते. ते त्याच ॲपमध्ये वाजते, सीडीवर उतरवता येत नाही.

कायद्याच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ खाजगी वा वैयक्तिक उपयोगासाठी रास्त वापराची मुभा देते. स्वतः विकत घेतलेल्या संगीताची घरात ऐकण्यासाठी प्रत करणे आणि तिच्या पन्नास प्रती काढून विकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गायकवृंदाच्या गाण्यांची सीडी सत्कार्याच्या निधीसाठी विकावयाची असली, तरी गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा मालक यांची लेखी अनुमती आधी घ्यावी. हेतू चांगला आहे म्हणून दुसऱ्याचा हक्क संपत नाही. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क भारतात प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो.

जुन्या सीडींचे काय?

आता ज्या प्रश्नाचा आरंभी उल्लेख केला त्याकडे वळू. २००० नंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडे घरोघरी सीडी लिहिल्या गेल्या. लग्नातील गाणी, गावच्या नाटकाचे ध्वनिमुद्रण, आपल्या बोलीतील ओव्या, आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे, जुन्या कॅसेटवरून उतरवलेले सूर. ‘सीडी म्हणजे कायमचे’ अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. कॅसेट कित्येक घरांत त्यानंतर टाकून दिल्या गेल्या आणि संगणकही दोन-तीनदा बदलले. परिणामी ती एकच तबकडी शिल्लक राहिली आहे.

रंगद्रव्याचा थर मात्र कायमचा नसतो. चांगल्या प्रतीची सीडी-आर उत्तम निगा राखल्यास अनेक दशके टिकू शकते. हलक्या प्रतीची काही वर्षांतच वाचेनाशी होते. ऊन, उष्णता आणि दमटपणा हे तिचे शत्रू, आणि आपल्या किनारपट्टीवर या तिन्हींची वाण नाही. शिवाय ही हानी डोळ्यांना दिसतेच असे नाही. तबकडी वरून स्वच्छ दिसते आणि शेवटची दोन-तीन गाणी अडखळू लागतात. तबकडी आतून बाहेर लिहिली जात असल्यामुळे शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात, आणि हाताळणीचा व हवेचा त्रास कडेलाच आधी पोहोचतो. म्हणून जुनी सीडी तपासताना पहिले गाणे लावून समाधान मानू नये, शेवटचे ऐकावे.

ऑडिओ सीडीवर लहान ओरखडा पडला तर प्लेअर आजूबाजूच्या मापांवरून सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची हरवलेली माहिती भरून काढतो, आणि त्याहून अधिक गेली तर अंदाजाने सांधतो. फाईलींच्या सीडीत अंदाजाला वाव नसतो. भरून काढण्याची शक्ती तेथे अधिक असली तरी तिची मर्यादा ओलांडली की फाईल उघडतच नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय प्रमाण व तंत्रज्ञान संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडीच्या निगेविषयी एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती. तिच्यातील सूचना आजही लागू आहेत. तबकडी कडेने धरावी. कागदी लेबल चिकटवू नये. ते एका बाजूने सुटले की तबकडीचा तोल जातो आणि काढताना चमकता थरही निघून येतो. नावे मऊ टोकाच्या, पाण्यावर आधारित शाईच्या मार्करने लिहावीत. बॉलपेन तर नकोच. अनेकांना आश्चर्य वाटेल, पण सीडीची छापील बाजू ही खालच्या चकचकीत बाजूपेक्षा नाजूक असते, कारण चमकता थर तिच्याच लगेच खाली असतो. पुसताना मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल नव्हे. ठेवताना डबीत, उभी, कपाटाच्या आतल्या बाजूस ठेवावी. मोटारीच्या खिडकीशी कधीही नाही.

आणखी एक अडचण उभी राहिली आहे. नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा ड्राईव्ह बहुधा येत नाही. सीडी-आरची निर्मिती ज्या तायो युडेन या जपानी कंपनीपासून सुरू झाली, तिने २०१५ साली हा व्यवसायच बंद केला. एके काळी आपल्या प्रत्येक संगणकाच्या दुकानात जिच्या कोऱ्या सीडी मिळत, त्या मोझर बेअर या भारतीय कंपनीच्या अवसायनाचा आदेश २०१८ साली निघाला. युएसबीला जोडावयाचा बाह्य ड्राईव्ह अद्याप मिळतो. कुटुंबात किंवा शेजारच्या चार घरांत मिळून असा एक ड्राईव्ह घ्यावा.

त्यावर जुनी ऑडिओ सीडी घालून मीडिया प्लेअरमधील ‘रिप’ हा पर्याय वापरला की गाणी फाईलींच्या रूपाने संगणकात येतात. येथे एमपी थ्रीऐवजी वेव्ह किंवा फ्लॅक निवडावे. पुन्हा दाबलेल्या ध्वनीचा दर्जा पुन्हा घसरतो. फाईलीला नाव देताना कोण गाते, कोठे आणि कोणत्या वर्षी, हे लिहून ठेवावे, आणि ते सांगू शकणारी माणसे घरात आहेत तोवरच त्यांना विचारावे. नंतर एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवावी. घरच्या प्लेअरसाठी नवी सीडी या फाईलींवरून केव्हाही लिहिता येईल.

एखादी तबकडी एका ड्राईव्हने नाकारली तर ती टाकून देऊ नये. दोन ड्राईव्हच्या वाचनशक्तीत बराच फरक असतो. एकाने नाकारलेली तबकडी दुसरा वाचतो, असे पुष्कळदा घडते. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, मऊ कापडाने टिपून, पूर्ण वाळल्यावर पुन्हा प्रयत्न करावा आणि वाचण्याचा वेग कमी ठेवावा. दुकानातील घासाईने खालच्या प्लास्टिकवरील ओरखडे जातात, रंगद्रव्य उडाले असेल तर तिचा उपयोग होत नाही. आणि सीडींचा मोठा ढीग समोर असेल तर हस्ताक्षरात नावे लिहिलेल्या सीडी आधी घ्याव्यात. सिनेमाच्या गाण्यांच्या छापील सीडी शेवटी घेतल्या तरी चालेल, ती गाणी इतरत्र मिळतात.